चार गुणिले पन्नास वॉट आणि गाडीचं दार

भाच्याचा फोन आला तो थेट पुण्याच्या नाना पेठेतून. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि कुणीतरी गिऱ्हाइकाला बेसट्यूब वाजवून दाखवत असावं, कारण दर सेकंदाला एक 'धब्ब' ऐकू येत होतं.

"मामा, नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आहे. ४ गुणिले ५० वॉट. मागचा कॅमेरा फुकट देतायत. घेऊन टाकू?"

"तुला नक्की काय आवडत नाहीये? स्क्रीन की आवाज?"

"आवाज. डब्यात तोंड घालून गायल्यासारखा येतो."

"मग स्क्रीन राहू दे. रविवारी गाडी घेऊन ये. आणि जेवूनच ये, दुपार जाईल. चहा मिळेल."

त्या रविवारी त्याला जे सांगितलं आणि उघडून दाखवलं, ते इथे लिहितोय. गाडीच्या आवाजावर खर्च करायला निघालेला माणूस जवळजवळ नेहमी चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. जे डोळ्यांना दिसतं ते तो आधी बदलतो. आणि आवाज ज्या जागी तयार होतो ती जागा पॅनेलच्या आड असते.

पण आधी तो ५० वॉटचा हिशेब, कारण खोक्यावरच्या त्या आकड्याने भल्याभल्यांना गंडवलंय.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर तिला चार्ज करतो, तेव्हा व्होल्टेज १३.८ ते १४.४ पर्यंत जातं. डेकच्या, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या सेटच्या, पोटात आवाजाला ताकद देणारा जो छोटा ॲम्प्लिफायर असतो (एकच चिप असते, काडेपेटीपेक्षा लहान) त्याच्या हाती एवढंच भांडवल. स्पीकरची दोन्ही टोकं तो उलटसुलट ओढतो, त्यामुळे स्पीकरला एका बाजूला जास्तीत जास्त १४.४ आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच व्होल्ट मिळू शकतात. गाडीचा स्पीकर सहसा ४ ओहमचा. आता शाळेतलं सूत्र: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. १४.४ गुणिले १४.४ म्हणजे साधारण २०७, भागिले ४, झाले ५२. हे तुमचे ५० वॉट!

मेख अशी, की हे ५० वॉट मिळायला व्होल्टेज सतत पार टोकाला चिकटून राहावं लागतं. म्हणजे आवाज इतका फाटलेला हवा की त्यात सूर उरलाच नाही. स्वच्छ सुराची लाट वर जाते, खाली येते, मधे शून्यातून जाते, म्हणून तिला याच्या निम्मे, २६ वॉट मिळतात. त्यातही चिप स्वतःसाठी दोनेक व्होल्ट खाते. हाती उरतात १८ ते २० वॉट. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'आरएमएस' (सतत, स्वच्छ मिळणारी ताकद) म्हणून जो आकडा असतो तो हा. ठळक छापलेला ५० हा कमाल आकडा, आणि तो कामाचा नाही.

म्हणजे पाच हजारांचा डेक घ्या नाहीतर पंचवीस हजारांचा, सोबत बाहेरचा ॲम्प्लिफायर नसेल तर ताकद जवळपास तेवढीच, कारण बॅटरी तीच आहे. आणि तुमच्या कंपनीच्या सेटमध्येही तसलीच चिप आहे. भाचा एका ५० वॉटवाल्याला काढून दुसरा ५० वॉटवाला बसवायला निघाला होता, मधे वीसेक हजार मोजून.

बाहेरचा ॲम्प्लिफायर हे गणित मोडतो तो असा, की बॅटरीचे १२ व्होल्ट तो आधी आपल्या पोटात वाढवून घेतो, आणि मग त्या वाढीव व्होल्टेजवर स्पीकर ढकलतो. म्हणून तो जड, पंख्यासारख्या पात्यांचा आणि जाड केबल मागणारा असतो.

तरीही वॉटच्या मागे फार धावू नये. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कान म्हणतो, "हं, थोडा वाढवला वाटतं." आवाज दुप्पट मोठा वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. २० चे ४० करून कुणाच्या घरी पेढे वाटले जात नाहीत.

दार उघडलं

डोअर पॅड काढायचं म्हणजे हँडलच्या मागचं झाकण उचकटायचं, दोन-तीन स्क्रू काढायचे, आणि मग कडेने बोटं घालून ओढायचं. प्लास्टिकच्या क्लिपा 'टक टक' सुटत जातात. प्रत्येक 'टक'ला भाच्याचा चेहरा असा होत होता, जसं काही मी त्याचा दात उपटतोय. पॅडच्या मागे पांढरट प्लास्टिकचा कागद, काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला. तो सोलला की आतला पत्रा दिसतो. त्या पत्र्याला एवढी मोठी भोकं, की आख्खा हात कोपरापर्यंत आत जातो. काचेची मोटर तिथूनच बसवतात.

खाली स्पीकर. साडेसहा इंची, कागदाचा कोन (हवा हलवणारा शंकूसारखा पडदा), प्लास्टिकची चौकट आणि मागे पेढ्याएवढं मॅग्नेट. भाच्याने तो हातात घेतला आणि म्हणाला, "हा एवढाच?"

त्या पेढ्याला नावं ठेवायच्या आधी तो बनवणाऱ्याची बाजू ऐकून घ्यावी. त्याला १८ वॉटमध्ये भागवायचं होतं. म्हणून त्याने कोन हलका ठेवला, म्हणजे थोड्या ताकदीत जास्त आवाज. वर उन्हात तापलेली गाडी, खाली पावसाचं पाणी, आणि किमतीवर कात्री. या सगळ्यातून त्याने ठाकठीक काम काढलंय. या गुणाला सेन्सिटिव्हिटी म्हणतात: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. कंपनीचे स्पीकर इथे बरेचदा वरचढ असतात.

म्हणूनच एक नेहमीचा घोटाळा होतो. माणूस आठ हजारांची भारी जोडी आणतो, कोन जड, रबर जाड. ती कंपनीच्याच डेकवर जोडतो आणि आवाज चक्क कमी होतो. दुकानदाराशी भांडण. खरं तर ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९० च्या स्पीकरइतका आवाज करायला दुप्पट वॉट लागतात, आणि डेककडे ते नाहीत. ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर स्पीकर निवडताना खोक्यावर हा आकडा बघायचा. वॉटचा आकडा झाकून ठेवला तरी चालेल. एक बारीक चलाखी तेवढी ओळखा. काही कंपन्या एक वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजलेला आकडा छापतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट होतात, तेव्हा तो आकडा ३ ने फुगलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. काढलेला स्पीकर तसाच वायरला जोडून मी भाच्याच्या तळहातावर ठेवला आणि गाणं लावलं. चिरका, पोकळ आवाज. तबल्याचा डग्गा गायबच. मग चपलांचं रिकामं खोकं आणलं, झाकणाला स्पीकरच्या मापाचं भोक पाडलं आणि स्पीकर त्यावर दाबून धरला. डग्गा आला. तोच स्पीकर, तोच डेक, तेच गाणं.

झालं काय? कोन पुढे ढकलला जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा सैल होते. खर्जाच्या लाटा लांबलचक असल्याने त्या कडेवरून वळून एकमेकींना भेटतात. दाब आणि सैल, बेरीज शून्य. खोक्याने मागची लाट कोंडली, म्हणून पुढची उरली. गाडीचं दार हे स्पीकरचं खोकं आहे, आणि कंपनीने दिलेलं खोकं हे असं, कोपरभर भोकांचं.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च दारावर. बाजारात याला नुसतं 'डॅम्पिंग' म्हणतात: ब्युटाइल रबराची चिकट शीट, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, रोलरने दाबून बसवायची. तिची कामं दोन. बाहेरच्या पत्र्यावर चिकटवली की तो घंटेसारखा वाजायचा थांबतो; आधी बोटाच्या पेराने टकटक केली तर 'टण्ण' येतं, नंतर 'ठप्प'. यासाठी आख्खा पत्रा मढवायची गरज नाही, पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. आतल्या पत्र्यावर मात्र भोकं बुजवायची आहेत, तिथे कंजुषी नको. आणि डांबराची स्वस्त शीट घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी राहिलेली गाडी आतून किती तापते ते ठाऊक आहेच; डांबर पाघळतं आणि गाडीला रस्त्याच्या कामाचा वास येतो.

इथे माझी एक जुनी फजिती. आधीच्या गाडीला एका दुकानात डॅम्पिंग करून घेतलं. पोराने इतक्या निष्ठेने केलं की दाराच्या तळाच्या फटीसुद्धा बुजवल्या. जूनमध्ये सिंहगड रोडवर ब्रेक दाबला की दारातून 'डुबुक' असा आवाज यायचा. आठवडाभर मला वाटत होतं मागच्या सीटवर पाण्याची बाटली आहे. दारात पाणी शिरणं हे बिघडलेल्या गाडीचं लक्षण नाही. काचेच्या रबराच्या कडेने ते आत येतंच, बाहेरच्या पत्र्याच्या आतून खाली उतरतं आणि तळाच्या फटींतून निघून जातं. गाडी तशीच बनवलेली असते. त्या फटी बुजवल्या तर दाराचा हौद होतो आणि पत्रा आतून गंजतो. तो पांढरा प्लास्टिकचा कागदही उगाच नसतो, पाणी गाडीत येऊ नये म्हणून असतो. त्याच्या जागी शीट लावणार असाल तर ती सलग हवी. काम चालू असताना तिथे उभं राहा आणि तळाच्या फटी बोटाने चाचपून बघा.

ढोल लांबून येतो, ताशा वळणावर भेटतो

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडपासून तीन गल्ल्या आत उभे राहा. ढोल छातीत ऐकू येतो, पण ताशा नाही. मिरवणूक वळणावरून समोर आली की एकदम ताशाची तर्री कानावर पडते. पथक तेच, मग ताशा इतका वेळ कुठे होता?

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ६० हर्ट्झचा, म्हणजे ढोलासारखा खोल सूर घेतला तर त्याची एक लाट साडेपाच मीटरहून लांब. ६००० हर्ट्झची, ताशातल्या त्या कडकडाटाची लाट साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. लांब लाट इमारतीला वळसा घालते, भिंतीला दाद देत नाही. आखूड लाट सरळ जाते आणि जे आडवं येईल त्यावर आपटून संपते.

गाडीतल्या स्पीकरांची सगळी मांडणी या एका गोष्टीतून निघते. ट्वीटर, म्हणजे ताशा, कानाच्या दिशेने आणि वरच हवा: काचेच्या कडेच्या खांबावर किंवा आरशामागच्या तिकोन्यात. तो दाराच्या तळाशी बसवला तर अर्धा आवाज तुमची पोटरी ऐकते. साडेसहा इंची वूफर, म्हणजे ढोल, पायाशी असला तरी चालतो. आणि सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, डिकीत ठेवला तरी बिघडत नाही, कारण इतका खोल आवाज नक्की कुठून येतोय हे कानाला कळतच नाही.

कोअॅक्सियल आणि कॉम्पोनंट हा फरकही यातलाच. कोअॅक्सियलमध्ये ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो. बसवायला सोपा, स्वस्त. कॉम्पोनंटमध्ये दोघं सुटे, आणि मधे क्रॉसओव्हर नावाचा दारवान, जो ढोलाला एका दाराने आणि ताशाला दुसऱ्या दाराने पाठवतो. पुढच्या दारांना कॉम्पोनंट, एवढं परवडत असेल तर तेच करा. मागच्या दारांवर खर्च करू नका. मागे बसणारे मोबाइलमध्ये असतात.

भाच्याच्या गाडीत कंपनीचे ट्वीटर आधीच होते. त्याला वाटलं नुसते बदलायचे. जुन्याच्या पाठीला डाळीच्या दाण्याहून थोडा मोठा कपॅसिटर चिकटवलेला होता. तो चिमुकला म्हणजेच कंपनीचा क्रॉसओव्हर. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या खालचं क्रमाक्रमाने अडवत जातो. जुन्या ट्वीटरबरोबर तो फेकला आणि नवीन थेट जोडला, तर केसासारखी वायर असलेल्या त्या ट्वीटरवर ढोल येऊन आदळतो. एक गाणं टिकतो.

खर्ज

दारातला साडेसहा इंची स्पीकर ६०-७० हर्ट्झपर्यंत कसाबसा उतरतो, आणि तिथवर त्याला ढकललं तर बाकीचं गाणंही गढूळ होतं. सबवूफर आला की ८० हर्ट्झच्या खालचं ओझं दारावरून उतरवता येतं. मग दाराचे स्पीकर मोकळे गातात. सबवूफर म्हणजे काचा थरथरवणारा राक्षस, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्याला कारण त्या नाना पेठेतल्या 'धब्ब' करणाऱ्या ट्यूबा. स्वस्त ट्यूब एका ठरावीक सुराच्या आसपास जोरात बोलते आणि बाकीच्या वेळी गप्प, म्हणून प्रत्येक गाण्याला तोच 'धब्ब'.

मी परीक्षा घेतो ती तानपुऱ्याने. काळी एक पट्टीत लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याची शेवटची, खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळपास असते. मोबाइलचा स्पीकर ६९ हर्ट्झ काढूच शकत नाही. तरी मोबाइलवर तानपुरा ओळखू येतो, कारण त्या तारेचे वरचे स्वर, १३८, २०८ वगैरे, ऐकून मेंदू खालचा षड्ज मनानेच भरतो. म्हणून आपल्याला आपल्या गाडीत काय कमी आहे हेच कळत नाही. भीमसेनजींची एखादी मैफल वर्षानुवर्षं गाडीत ऐकावी आणि एके दिवशी खरा खर्ज आल्यावर लक्षात यावं, की मागे कुणीतरी इतकी वर्षं तानपुरा छेडत बसलं होतं.

प्रकार म्हणाल तर तीन. बंद खोकं: आवाज आटोपशीर, तबल्याला उत्तम. भोकाचं खोकं: तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज, पण डिकी खातं आणि माप चुकलं तर सुरात राहत नाही. सीटखालचा चपटा, ज्यात ॲम्प्लिफायर आतच असतो: फार खोल जात नाही, पण डिकीत गावाकडून येणारी तांदळाची पोती ठेवायला जागा राहते. आमच्या घरात तिसऱ्याला बहुमत मिळालं.

एक्स्प्रेसवेवर आणखी एक गंमत कळते. पार्किंगमध्ये भरगच्च वाटलेला बेस १०० च्या वेगाला नाहीसा होतो. टायर आणि वाऱ्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतच असतो, तो बेसला झाकतो. तेव्हा सेटिंग फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका, एकदा रस्त्यावर ऐकून बघा.

जाड केबल, आणि मी इथे विनोद करणार नाही

चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर घ्या, प्रत्येकी ५० वॉट आरएमएस, खरे. झाले २००. तो 'क्लास डी' असेल तर साधारण ८० टक्के कार्यक्षम, म्हणजे बॅटरीकडून २५० वॉट. भागिले १३.८ व्होल्ट, पूर्ण जोरात १८ अँपिअर. डेकचा फ्यूज १० नाहीतर १५ अँपिअरचा असतो. म्हणजे डेकच्या वायरीतून करंट घेणं बाद. केबल थेट बॅटरीवरून येते.

ती बॅटरीवरून निघाली की एक हाताच्या आत फ्यूज. हात म्हणजे जुन्या मापाने १८ इंच, आणि योगायोगाने जगभर सांगितलं जाणारं माप तेवढंच आहे. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, त्याचा स्वतःचा वेगळा असतो. हा फ्यूज केबलसाठी. इंजिनच्या पत्र्यातून केबल आत येते तिथे रबरी ग्रोमेट नसेल, पत्र्याची कड हळूहळू केबल कापत गेली आणि एक दिवस तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असेल तर तो हे सगळं मागून शांतपणे बघत राहतो. गाड्या पेटतात त्यातलं हे एक कारण.

केबल घेताना ब्लेडने टोक खरवडा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. ते चालतच नाही असं नाही, पण तांब्याच्या तुलनेत दीडपटीहून जास्त रोध, म्हणून एक माप जाड घ्यावी लागते. वर काढलेल्या हिशेबाला खऱ्या तांब्याची ८ गेजची केबल, म्हणजे सव्वाआठ चौरस मिलिमीटरची, पुरते.

अर्थिंगची वायर आखूड, आणि जिथे बोल्ट कसायचा तिथला रंग खरवडून लख्ख पत्रा काढलेला. रंगावर कसलेली अर्थिंग हा बहुतेक रोगांचा उगम. ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून 'कुंईई' येतं आणि इंजिनच्या वेगाबरोबर त्याची पट्टी चढते, हे ऐकलं असेल; तो अल्टरनेटर बोलतोय. कारण सहसा अर्थिंग, नाहीतर सिग्नलची आरसीए केबल पॉवर केबलला खेटून नेलेली. एक डाव्या बाजूने न्या, दुसरी उजव्या. आणि ॲम्प्लिफायरला जागं करणारी बारीक 'रिमोट' वायर कायम चालू असलेल्या सप्लायवर जोडलेली नाही ना, तेही बघा. नाहीतर सोमवारी सकाळी ऑफिसला रिक्षाने जाल.

उरला गेन. ॲम्प्लिफायरवरचा हा छोटा स्क्रू म्हणजे व्हॉल्यूम असं समजून पिळतात. डेककडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरची गाठ जुळवायला तो असतो. रीत साधी: डेकचे सगळे बेस-ट्रेबल शून्यावर, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, आणि गेन शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. आवाज जिथे फाटायला लागेल तिथून थोडा मागे. त्यापुढे ढकललं की लाटेचे शेंडे छाटले जातात, वर सांगितलेल्या ५० वॉटच्या हिशेबासारखे. छाटलेल्या लाटेत वरच्या पट्टीतला कचरा तयार होतो आणि तो नेमका ट्वीटरकडे जातो. कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर जीव तोडून वाजवल्यानेसुद्धा ट्वीटर जळतात, ते यामुळे.

डेक कंपनीचाच राहू द्या

हल्लीच्या गाडीत स्क्रीनवर फक्त गाणी नसतात. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, काही गाड्यांत एसी आणि दारांची सेटिंगसुद्धा तिथेच, आणि हे सगळे एकमेकांशी एकाच जोडीच्या वायरीवरून बोलतात. ते उपटून नवीन स्क्रीन बसवली की काहीतरी एक बोलायचं बंद होतं. जुनी गाडी असेल, डेकला ब्लूटूथ-यूएसबी काही नसेल, तर खुशाल बदला. १८० बाय ५० मिलिमीटरची खाच म्हणजे सिंगल डिन, १८० बाय १०० म्हणजे डबल. बाकीच्यांनी डेक ठेवावा आणि स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारा, 'हाय लेव्हल' इनपुटचा ॲम्प्लिफायर घ्यावा. गाडीची वायर न कापता, कपलरला कपलर लावून काम करा असं दुकानदाराला बजावा. वायर कापली की वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात. शिवाय बसवलेल्या सामानाची किंमत विम्यात वेगळी नोंदवली नसेल तर चोरी झाल्यावर ती मिळेल अशी आशा धरू नका.

एक अडचण राहते. कंपनीचे बरेच डेक आवाज वाढवला की गुपचूप बेस कमी करतात, आपल्या कागदी कोनांचा जीव वाचवायला. नवीन स्पीकरला तो पथ्याचा डबा कशाला? इथे डीएसपी, म्हणजे आवाजाला हवं तसं वळण देणारं डिजिटल यंत्र, उपयोगी पडतो. तो कंपनीची ही काटछाट बऱ्यापैकी सरळ करतो. आणि त्याहून मोठं काम म्हणजे वेळ जुळवणं. भाच्याला सीटवर बसवून मी टेपने मोजलं: उजवा स्पीकर कानापासून ९५ सेंटीमीटर, डावा १४०. पंचेचाळीस सेंटीमीटरचा फरक, म्हणजे उजवा आवाज सव्वा मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याने गायक उजव्या दारात जाऊन बसतो. डीएसपीमध्ये उजव्या बाजूला तेवढा उशीर दिला, की तो उठून डॅशबोर्डच्या मधोमध येतो. हे पहिल्यांदा ऐकताना माणसं हमखास समोर बघतात.

गाडीत कंपनीनेच नामांकित ब्रँडची सिस्टिम दिली असेल तर थोडं सांभाळून. (जेबीएल, इन्फिनिटी आणि हर्मन कार्डन ही तीन नावं एकाच हर्मन कंपनीची, जी २०१७ मध्ये सॅमसंगने घेतली. तिचा एक कारखाना आपल्या चाकणलाच आहे.) अशा सिस्टिममध्ये ॲम्प्लिफायर वेगळा असतो आणि काहींचे स्पीकर २ ओहमचे असतात. तिथे बाजारातला ४ ओहमचा बसवला की ताकद निम्मी. आधी मीटर लावा.

भाच्याचं शेवटी असं ठरलं: पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग आणि कॉम्पोनंटची जोडी लगेच, दोन महिन्यांनी डीएसपीवाला चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर, आणि सबवूफर दिवाळीला जमलं तर. स्क्रीन होती तीच. गाणी मात्र व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फायलींतून वाजवायची नाहीत, केबल लावून नीट ऐकायची, एवढं कबूल करून घेतलं. एफएमची धाव मुळातच १५ हजार हर्ट्झपर्यंत, तिथे नवीन ट्वीटरकडून चमत्काराची अपेक्षा नको.

आणि हो, काचा उघड्या टाकून रात्री साडेअकराला सोसायटीत शिरायचं नाही. रहिवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची त्याहून कमी.

पहिला टप्पा झाल्यावर तो परत आला. आवाज छान, पण कुठेतरी खडखडतंय, म्हणाला. हे होतंच, बेस आला की गाडीतलं सैल सगळं बोलायला लागतं. मोबाइलवर एक सूर २० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू चढवत नेला आणि दोघं कान लावून बसलो. सत्तरच्या आसपास नंबर प्लेट. तिच्यामागे फोमची पट्टी लावली. नव्वदला चष्म्याचा कप्पा. एकशेदहाला उजव्या दारातून टरटर, ती काही केल्या सापडेना. पॅड पुन्हा काढलं, क्लिपा तपासल्या, वायरी बांधल्या. अर्ध्या तासाने भाच्याने दाराच्या खिशात हात घातला आणि खेड शिवापूरच्या टोलची, फास्टॅगच्या आधीच्या काळातली, सुरळी झालेली पावती आणि दोन रुपयांचं नाणं बाहेर काढलं.